प्रवासात इंटरनेट कॉलची खात्रीशीर सोय: यंत्र, सिम, चार्जिंग आणि घरीच करायची चाचणी

प्रवासात इंटरनेटवरून कॉल करायचा म्हणजे दोन कामे करावी लागतात. टॉवरकडून इंटरनेट घेणे हे पहिले आणि आपला आवाज पलीकडे पोहोचवणे हे दुसरे. बहुतेक जण ही दोन्ही कामे हातातल्या एकाच फोनवर सोपवतात. शहरात किंवा घरच्या वाय-फायजवळ त्याने काही अडत नाही. पण नांदेडहून माहूरकडे निघालेल्या गाडीत, उमरासाठी जेद्दाहला उतरल्यावर, किंवा ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याजवळच्या कोपीवर, म्हणजे मजुरांच्या पाचटाच्या झोपडीत, तोच एकटा फोन दिवसभर रेंज शोधत राहतो, बॅटरी संपवतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी बंद पडतो. म्हणून या लेखातला मुख्य सल्ला सुरुवातीलाच सांगतो: बोलणारा फोन आणि इंटरनेट आणणारे यंत्र वेगळे ठेवावे, त्या दोघांत शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असावीत, आणि ही जोडणी घर सोडण्याआधी घरातच तपासून घ्यावी. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका सूत्रावर उभ्या आहेत.

खरेदीपूर्वी: पलीकडच्या टोकाला कोण आहे?

दुकानात जाण्याआधी ज्या माणसाशी बोलायचे आहे त्याच्या हातात कोणता फोन आहे हे पाहावे, कारण कॉलचे अर्धे यश पलीकडच्या टोकावर ठरते. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आईवडील अजून बटणांचा फोन वापरतात. त्यांना व्हॉट्सॲपवर कॉल लागणारच नाही, मग आपण कितीही महागडे यंत्र सोबत नेले तरी ते निरुपयोगी ठरेल. दुसरी अडचण रिचार्जची असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती केल्यानंतर कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएस असलेले स्वस्त पॅक द्यावे लागले. ज्येष्ठांसाठी हे पॅक सोयीचे आहेत, पण त्यांत डेटा नसतो. घरच्या फोनवर असा पॅक असेल आणि घरी वाय-फाय नसेल, तर इंटरनेटवरचा कॉल तिथे वाजणार नाही. प्रवासाच्या काळापुरता एक छोटा डेटा पॅक घरच्या क्रमांकावर टाकणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, आणि नेमका तोच बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

यानंतर दोन प्रश्न उरतात. सोबत किती माणसे आणि किती उपकरणे असतील? आणि प्रवास दोन दिवसांचा आहे की दोन महिन्यांचा? या उत्तरांवरून यंत्राची निवड होते.

कोणते यंत्र घ्यावे?

एकट्या माणसाचा चार-सहा दिवसांचा देशातला प्रवास असेल, तर नवे काही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरात पडून असलेला, काच तडकलेला पण ४जी चालणारा जुना ॲंड्रॉइड फोन हे उत्तम हॉटस्पॉट यंत्र, म्हणजे सिमचे इंटरनेट वाय-फायने इतर उपकरणांना देणारे यंत्र आहे. त्यातली सगळी अनावश्यक ॲप काढून टाकावीत, आपोआप होणारे अपडेट बंद करावेत, त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम टाकावे आणि हॉटस्पॉट सुरू करून तो खिडकीजवळ ठेवावा. अशा फोनला पडदा असल्यामुळे रेंज किती आहे, डेटा किती उरला आहे आणि बॅटरी किती आहे हे सरळ दिसते. खिशातल्या हॉटस्पॉटवर त्यासाठी तीन-चार दिव्यांचे रंग ओळखावे लागतात.

चार किंवा अधिक माणसांचा गट असेल, लॅपटॉपवर काम करायचे असेल किंवा मुक्काम काही आठवड्यांचा असेल, तर खिशात मावणारा ४जी हॉटस्पॉट घेणे योग्य ठरते. दुकानात याला पॉकेट राउटर, वाय-फाय डोंगल किंवा मायफाय असे काहीही म्हणतात. खरेदी करताना बॅटरी २,३०० ते ३,००० मिलिॲंपिअर-तास एवढी तरी असावी, ती काढून बदलता येत असावी, आणि चार्जिंग यूएसबी-सीने होत असावे. यंत्र एकाच कंपनीच्या सिमला बांधलेले आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दूरसंचार कंपन्यांनी विकलेली बरीच यंत्रे अशी बांधलेली असतात, आणि ती परदेशातले सिम स्वीकारत नाहीत. घरात जुने जिओफाय, म्हणजे जिओचा खिशातला हॉटस्पॉट, असेल तर तेही उपयोगी पडते. मात्र बॅटरी फुगलेली असेल तर ते यंत्र वापरू नये.

बॅटरी नसलेला, पॉवर बँकेत खोचून चालणारा डोंगल स्वस्त पडतो, पण चालत्या गाडीत धक्क्याने जोडणी सुटली की तो पुन्हा सुरू होऊन टॉवर शोधेपर्यंत कॉल गेलेला असतो. तो खोलीतल्या टेबलावरच ठेवावा. प्रवासी राउटर नावाची छोटी डबी वेगळ्या कामाची आहे. लॉज किंवा वसतिगृहाचे एकच वाय-फाय ती स्वतः घेते आणि आपल्या सर्व उपकरणांना आपल्या नावाने व पासवर्डने पुढे देते. परदेशी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग होईल, गावच्या जत्रेला जाणाऱ्याला होणार नाही.

सिम आणि बँड

यंत्राच्या खोक्यावर ‘४जी’ लिहिले आहे म्हणून ते प्रत्येक कंपनीच्या ४जीवर चालेलच असे नसते. प्रत्येक कंपनी ठराविक क्रमांकांचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, वापरते, आणि यंत्राला ते बँड पकडता आले पाहिजेत. जिओचे ४जी बँड ३, ५ आणि ४० वर आहे. एअरटेल मुख्यतः ३ आणि ४० वापरते आणि काही सर्कलमध्ये १ व ८ देखील. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले, आणि हे जाळे बँड २८ व बँड १ वर उभे आहे. बँड २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. या कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतून आत शिरतात, म्हणून विरळ वस्तीच्या भागात त्यांचा फायदा मोठा आहे. पण जुन्या आणि स्वस्त डोंगलमध्ये नेमका हाच बँड नसतो. गावात बीएसएनएलचा टॉवर समोर दिसत असताना ‘यंत्राला रेंज येत नाही’ अशी तक्रार ऐकू आली, तर सर्वप्रथम यंत्राचे बँड तपासावेत. उलट बाजूला बँड ४० म्हणजे २,३०० मेगाहर्ट्झ. त्यात एकाच वेळी अनेकांना वेग देण्याची क्षमता असते, मात्र त्याची पोहोच कमी असते.

सिम निवडताना राज्यभरातल्या जाहिरातींपेक्षा जिथे जायचे आहे तिथल्या माणसाला विचारणे अधिक उपयोगाचे असते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने मुकादमाला विचारावे की फडाजवळ कोणत्या कंपनीची रेंज असते. किनवट-माहूरला जाणाऱ्याने तिथल्या एखाद्या चहावाल्याला किंवा नातेवाइकाला विचारावे. तिथे चालणारे सिम यंत्रात जाते, आणि आपला रोजचा क्रमांक आपल्या फोनमध्येच राहतो. काही जुन्या यंत्रांत मायक्रो आकाराच्या सिमची खाच असते. नॅनो सिम प्लास्टिकच्या चौकटीत बसवून आत सरकवले तर चौकट मागे अडकून आतल्या पिना वाकू शकतात. अशा वेळी कंपनीच्या केंद्रातून योग्य आकाराचे सिम बदलून घ्यावे.

घरात बसून करायची जोडणी

निघण्याच्या किमान आठवडाभर आधी हे काम करावे, कारण नवे सिम सुरू व्हायला वेळ लागू शकतो आणि बिघाड निघाला तर यंत्र बदलून घ्यायला दिवस हवेत.

यंत्र पूर्ण चार्ज करून सिम घालावे आणि सुरू करावे. बॅटरीखाली किंवा झाकणाच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सेटिंगच्या पानाचा पत्ता छापलेला असतो. त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा. फोन त्या वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की सेटिंगचे पान उघडते. तिथे पाच गोष्टी कराव्यात. पहिली, सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्ड बदलावा, कारण तो त्या मॉडेलच्या प्रत्येक यंत्राला सारखाच असू शकतो. दुसरी, वाय-फायला स्वतःचे नाव आणि किमान बारा अक्षरांचा पासवर्ड द्यावा व सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवावा. तिसरी, इंटरनेट सुरू होत नसेल तर एपीएन, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटला जोडणारे नाव, तपासावे. जिओसाठी ते ‘जिओनेट’ आणि बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’ असते, आणि दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायचे असतात. चौथी, डेटा रोमिंगचे (दुसऱ्या कंपनीच्या किंवा परदेशी जाळ्यावर इंटरनेट वापरण्याचे) बटण शोधून ते बंद आहे याची खात्री करावी. पाचवी, यंत्र ठरावीक वेळ रिकामे राहिल्यावर झोपी जाण्याची सेटिंग असते, ती किमान तीस मिनिटांवर न्यावी. नाहीतर आपण कॉलची वाट पाहत असतो आणि यंत्र वाय-फाय बंद करून बसलेले असते.

आता चाचणी. आवाजाच्या कॉलला इंटरनेटचा वेग फार लागत नाही. जी.७११ या जुन्या पद्धतीत आवाजाला एका दिशेने ६४ किलोबिट प्रतिसेकंद लागतात, आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्यासोबत जाणारी पत्त्याची माहिती धरून ते सुमारे ८७ पर्यंत जातात. आजच्या ॲपमध्ये सर्रास वापरली जाणारी ओपस पद्धत ६ किलोबिटवरही बोलणे चालू ठेवू शकते. म्हणून वेग मोजणाऱ्या ॲपवर मोठा आकडा दिसला म्हणजे कॉल चांगला होईल असे समजू नये. कॉल बिघडतो तो उशिरामुळे आणि अनियमितपणामुळे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर संभाषण सहज वाटते. उशीर ४०० च्या पुढे गेला तर तो जाळ्याच्या सर्वसाधारण नियोजनात स्वीकारार्ह मानत नाहीत.

हा उशीर मोजायला कोणतेही उपकरण लागत नाही. एकाने घरात बसावे, दुसऱ्याने यंत्र आणि फोन घेऊन गच्चीवर किंवा मळ्यात जावे आणि कॉल लावावा. मग दोघांनी आळीपाळीने आकडे म्हणावेत: एकाने ‘एक’, दुसऱ्याने लगेच ‘दोन’, पहिल्याने ‘तीन’, असे चाळीसपर्यंत. आकडे एकमेकांवर चढू लागले, किंवा ‘ऐकू येतंय का?’ असे मध्येच विचारावे लागले, तर त्या जागी उशीर जास्त आहे. एखादा आकडा पूर्ण गळाला तर डेटाचे तुकडे वाटेत हरवत आहेत. आपलाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष बहुधा इंटरनेटचा नसतो. पलीकडच्या फोनचा स्पीकर सुरू असतो आणि त्याचा माइक तो आवाज पुन्हा उचलतो. पलीकडच्याने इयरफोन लावला की हे थांबते. हीच चाचणी यंत्रातले सिम बदलून पुन्हा करावी आणि जी कंपनी बरी ठरेल ती ठेवावी.

शेवटी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ या भागात कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय सुरू करावा, आणि फोटो व व्हिडिओ आपोआप उतरण्याचा पर्याय बंद करावा. गटातल्या एकाच्या फोनवर लग्नाचे व्हिडिओ उतरू लागले की त्याच हॉटस्पॉटवरचा दुसऱ्याचा कॉल तुटतो, हे कारण बऱ्याचदा कोणाच्या ध्यानात येत नाही. डेटाचा हिशेब सोपा आहे: आवाजाच्या कॉलला मिनिटाला अर्ध्या एमबीच्या आसपास, आणि व्हिडिओ कॉलला त्याच्या कितीतरी पट.

वाय-फाय कॉलिंग: सर्वांत दुर्लक्षित सोय

बटणांच्या फोनवर कॉल करायचा असेल, किंवा बँकेकडून, दवाखान्यातून, शाळेतून येणारे साधे कॉल घ्यायचे असतील, तर ॲपचा उपयोग नाही. तिथे वाय-फाय कॉलिंग कामी येते. एअरटेलने ही सेवा डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. यात आपला नेहमीचा क्रमांक टॉवरऐवजी वाय-फायवरून कंपनीच्या जाळ्याला जोडला जातो. पलीकडच्याला साधाच कॉल येतो आणि त्याच्याकडे इंटरनेट असण्याची गरज नसते.

वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम ठेवण्याचा सल्ला वर दिला आहे, त्याचे खरे मोल इथे कळते. समजा, पैनगंगेच्या काठावरच्या एखाद्या गावात फोनमधल्या एअरटेल सिमला रेंज नाही, पण यंत्रातल्या दुसऱ्या कंपनीच्या सिमला आहे. फोन त्या यंत्राच्या वाय-फायला जोडला आणि वाय-फाय कॉलिंग सुरू असले, की एअरटेलचा क्रमांक त्या दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेटवरून वाजू लागतो. ओटीपीचे एसएमएसही अनेकदा याच मार्गाने येतात. देशांतर्गत कॉलला यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, नेहमीच्या पॅकमधूनच तो जातो.

सुरू करण्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या पानावर जाऊन ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करावे आणि पसंती ‘वाय-फाय’ अशी ठेवावी. तरीही फोन टॉवरचीच अर्धवट रेंज धरून बसत असेल, तर फोन विमान मोडमध्ये टाकून फक्त वाय-फाय पुन्हा सुरू करावे. असे केले की फोनला वाय-फायशिवाय पर्याय राहत नाही आणि टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरीही वाचते. वरच्या पट्टीवर वाय-फाय कॉलिंगची खूण दिसू लागली की जोडणी झाली असे समजावे. लॉज किंवा संस्थेच्या वाय-फायवर ही खूण येत नसेल, तर तिथल्या राउटरने ५०० आणि ४५०० क्रमांकाचे यूडीपी पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरच्या ठरावीक वाटा, अडवलेले असण्याची शक्यता आहे, कारण वाय-फाय कॉलिंगची सुरक्षित जोडणी त्यांवरूनच होते. तिथे वाद न घालता स्वतःच्या हॉटस्पॉटवर यावे.

एक मर्यादा नीट लक्षात घ्यावी. व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून ११२ या आपत्कालीन क्रमांकाला कॉल लागत नाही. अपघात किंवा आजारपणात विमान मोड काढून साधा डायलर वापरावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी जवळच्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून आपत्कालीन कॉल जाऊ शकतो.

बस, रेल्वे आणि घाट

एसटीचा किंवा जीपचा पत्रा लहरी अडवतो, म्हणून यंत्र सीटखालच्या पिशवीत न ठेवता खिडकीच्या काचेजवळ ठेवावे. फोन आणि यंत्रात दोन-तीन हातांपेक्षा जास्त अंतर नसावे. उन्हाळ्यात मात्र काचेवर थेट ऊन येत असेल तर यंत्र सावलीत घ्यावे. लिथियम बॅटरी साधारणतः ४५ अंशांच्या पुढे चार्ज करायची नसते, आणि मे महिन्यात परभणी-जालन्याकडे बंद गाडीचा डॅशबोर्ड याच्या कितीतरी वर तापतो.

मांजरसुंबा, धारूर आणि कन्नडजवळचा औट्रम घाट अशा जागी रेंज काही मिनिटे जाणारच. महत्त्वाचा कॉल घाट लागण्याआधी उरकावा. रेल्वेत एसी डब्याच्या बंद काचेजवळ रेंज कमी मिळते. यंत्र दाराकडच्या बाजूला नेले की फरक पडतो, पण ते तिथे सोडून जागेवर येऊ नये. सचखंड एक्स्प्रेसने नांदेडहून अमृतसरला जाताना जवळपास दीड दिवस गाडीत जातो. इतक्या प्रवासात चालत्या गाडीत तास-तास बोलण्याचा हट्ट धरण्यापेक्षा गाडी मोठ्या स्थानकावर थांबली असताना बोलावे. रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचे वाय-फाय असलेल्या स्थानकांवर रोज पहिला अर्धा तास इंटरनेट मोफत मिळते. त्यासाठी भारतीय क्रमांकावर ओटीपी येतो. ते कॉलसाठी चालेल, बँकेच्या व्यवहारासाठी वापरू नये.

वीज आणि पॉवर बँक

पॉवर बँकेवर लिहिलेला आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. बाहेर ५ व्होल्ट देताना त्यातली काही ऊर्जा खर्च होते, त्यामुळे १०,०००ची पॉवर बँक ३,०००च्या हॉटस्पॉटला तीनदा नव्हे, तर दोन ते अडीच वेळा पूर्ण चार्ज करते. कोपीवर किंवा शेतवस्तीवर मुक्काम असेल आणि वीज रात्रीपुरतीच येत असेल, तर २०,०००ची घ्यावी आणि वीज येताच आधी पॉवर बँक, मग यंत्र, मग फोन असा क्रम न ठेवता तिन्ही वेगळ्या चार्जरवर एकदम लावावे.

विमानात पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवायला बंदी आहे; ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते. मर्यादा १०० वॉट-तासांची असते. हिशेब असा: २०,००० मिलिॲंपिअर-तास म्हणजे २० ॲंपिअर-तास, त्याला ३.७ ने गुणले की ७४ वॉट-तास. म्हणजे ती नेता येते. ३०,०००ची १११ वॉट-तास होते आणि तिला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. ज्या पॉवर बँकेवरचा आकडा पुसला गेला आहे ती सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. विमानात पॉवर बँकेने फोन चार्ज करण्यावरही आता अनेक कंपन्यांनी बंदी घातली आहे. एमिरेट्सने ती १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू केली.

परदेशी जाताना

इथे सर्वांत मोठी चूक म्हणजे विमानतळावर उतरल्याबरोबर भारतीय सिम काढून पाकिटात टाकणे आणि त्या जागी तिथले सिम बसवणे. बँकेचे ओटीपी त्या क्षणी बंद होतात. शिवाय दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या सेवांना असे निर्देश दिले की, ज्या सिमवर खाते नोंदवले आहे ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय सेवा चालू राहू नये. अंमलबजावणीचे तपशील पुढेमागे होत राहिले तरी प्रवाशासाठी सुरक्षित मार्ग एकच आहे: भारतीय सिम फोनमध्येच राहू द्यावे, त्याचा डेटा रोमिंग बंद ठेवावा, आणि परदेशी सिम हॉटस्पॉट यंत्रात, फोनच्या दुसऱ्या खाचेत किंवा ई-सिम (फोनमध्ये उतरवायचे, कार्डाविना सिम) म्हणून घ्यावे. व्हॉट्सॲपने ‘नवा क्रमांक वापरायचा का?’ असे विचारले तर नकार द्यावा. जुन्या क्रमांकावरच खाते चालते.

सौदी अरेबियात एसटीसी, मोबाइली आणि झैन या कंपन्यांची सिम मिळतात आणि ती घेताना पासपोर्टसोबत बोटांचे ठसे द्यावे लागतात. म्हणून गटातल्या एकानेच सगळ्यांसाठी सिम आणावे अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे इंटरनेट कॉलवरची सरसकट बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठली. संयुक्त अरब अमिरातीत मात्र व्हॉट्सॲपवर संदेश चालतात, आवाजाचे व व्हिडिओचे कॉल नाहीत. तिथे बोटिमसारखी परवानाप्राप्त ॲप वापरावी लागतात. दुबईला विमान बदलायचे असेल किंवा तिथे कामाला जायचे असेल, तर असे ॲप स्वतःच्या आणि घरच्यांच्या फोनवर भारतातच उतरवून, एकदा कॉल करून पाहावे. बंदी चुकवण्यासाठी व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या देशातून फिरवून आणणारे ॲप) लावण्याचा सल्ला ओळखीचे लोक सहज देतात, तो मानू नये. तिथला कायदा याबाबत कडक आहे. चीनमध्ये व्हॉट्सॲप मुळातच अडवलेले आहे, तिथे वीचॅट लागते. आणि ज्यांच्या सवयीत स्काइप होते त्यांनी दुसरे ॲप शोधावे, ते ५ मे २०२५ रोजी बंद झाले.

युरोप आणि आखातात बँड ३ सर्रास वापरात असल्याने भारतात घेतलेली बरीच यंत्रे तिथे चालतात, मात्र युरोपात खेड्यापाड्यांतल्या रेंजसाठी बँड २० ही हवा. अमेरिकेत २, ४, १२, ६६, ७१ असे वेगळेच बँड असल्यामुळे भारतीय यंत्र तिथे लंगडे चालते. अमेरिकेला जाणाऱ्याने यंत्र तिथेच घ्यावे. परदेशातून वाय-फाय कॉलिंग चालते का आणि त्याचे पैसे कसे लागतात, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे आहे. निघण्याआधी ग्राहक सेवेकडून ते लेखी संदेशात मागवून घ्यावे.

घरच्यांसोबत कॉलची वेळ भारतीय घड्याळाने ठरवावी. सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. मक्केतून ईशाच्या नमाजनंतर, रात्री नऊला फोन करणाऱ्या मुलाची अम्मी इथे साडेअकरापर्यंत जागी बसलेली असते. जर्मनी हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते.

जे करू नये

आखातातून परतताना थुरायासारखा उपग्रह फोन भेट म्हणून किंवा स्वस्तात मिळाला म्हणून आणू नये. भारतात परवानगीशिवाय असा फोन बाळगणे गुन्हा आहे आणि विमानतळावरच अटक होऊ शकते. तसेच परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल इथल्या सिमवर उतरवणारी, अनेक सिमची पेटी कोणी ‘घरी ठेवा, महिन्याला पैसे मिळतील’ म्हणून देऊ केली तर नाकारावी. हा बेकायदा सिम बॉक्स असतो आणि सिम आपल्या नावावर असल्याने जबाबदारीही आपलीच ठरते. अनोळखी व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचे सांगून कोणी पैसे मागितले तर कॉल बंद करून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे.

परतल्यावर

यंत्रातले सिम काढून त्याच्या पाकिटात ठेवावे आणि त्याची मुदत कधी संपते हे त्यावर लिहावे. बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्मी ठेवून यंत्र थंड, कोरड्या जागी ठेवावे, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा निम्मी चार्ज करावी. यंत्राचा आयएमईआय (ओळख) क्रमांक आणि सेटिंगचा नवा पासवर्ड घरातल्या वहीत उतरवून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी घरातले दुसरे कोणी ते घेऊन निघाले तरी त्याला जोडणी करता येईल.